बदललेली वीट

मामानं पक्ष बदलला की आमच्या घरी पुरण शिजायचं. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. देवगाव रंगारीहून मॅट्रिकसाठी आमच्याकडे औरंगाबादला राहायला आला आणि मॅट्रिक झाली नाही तरी राहिला. लग्न झाल्यावर दोन गल्ल्या सोडून त्यानं घर केलं, पण गळ्यात नवं उपरणं पडलं की आधी यायचा तो आमच्याकडे, वडिलांच्या पाया पडायला. पाया पडायला आलेला भाऊ कोरड्या तोंडानं कसा परत पाठवायचा, म्हणून आई हरभऱ्याची डाळ शिजत घालायची. मी तेव्हा नुकतीच एका शाळेत शिकवायला लागले होते. संध्याकाळी पायरीवरच गुळाचा वास आला की मी चपला काढता काढता विचारायची, आज कोणता झेंडा? आई मला दटावायची आणि मामा हसायचा. लाज नावाची वस्तू त्यानं कधी जवळ बाळगलीच नव्हती, त्यामुळं ती वाटायचा प्रश्न नव्हता.

आधी तो सत्तेतल्या पक्षात होता, कारण सत्ता तिथं होती. मग शेतकऱ्यांच्या एका पक्षात गेला. त्याचा हात नांगराला लागल्याचं देवगावात कुणी पाहिलेलं नाही. मग शहरात धर्म आला. म्हणजे धर्म होताच, पण तो देव्हाऱ्यात, मशिदीत, सणावारी रस्त्यावर असा आपापल्या जागी असायचा. आता तो जीपवर भोंगा लावून आला, आणि नेमका महापालिकेची निवडणूक तोंडावर असताना आला. आपण जन्मापासून धार्मिक आहोत हे मामाच्या तेव्हा अचानक लक्षात आलं.

हा धर्म घेऊन आलेले पक्ष दोन होते. वडील त्यांना थोरली पाती आणि धाकटी पाती म्हणत, गावाकडं एकाच घराण्याच्या दोन वाटण्यांना म्हणतात तसं. दोघांची युती होती. युती म्हणजे मुंबईत दोघांच्या पुढाऱ्यांनी एकमेकांना पेढे भरवायचे आणि इथं गुलमंडीच्या बाजारात दोघांच्या कार्यकर्त्यांनी एकमेकांची पोस्टरं फाडायची. मामा थोरल्या पातीत होता. जागावाटपात आमचा वॉर्ड धाकट्या पातीला सुटला, तेव्हा सकाळी थोरलीत असलेला मामा दुपारी धाकटीत जाऊन तिकीट घेऊन आला. रंग एकच असल्यामुळं उपरणंही बदलावं लागलं नाही. तो पाया पडायला आला तेव्हा आईलाच प्रश्न पडला, की हे तर घरातल्या घरात झालं, याला पुरण घालायचं की नुसता शिरा. शेवटी तिनं पुरणच घातलं. या भावावर तिचा फार जीव होता.

दोन्ही पात्यांकडं विकायला माल एकच, त्यामुळं कोण जास्त तिखट विकतो एवढीच चुरस उरली होती. थोरलीतल्या कुणी आमच्या मागच्या मोहल्ल्याबद्दल एक वाईट शब्द काढला की दुसऱ्या दिवशी मामाला त्याहून वाईट शब्द शोधावा लागे. त्याला त्या मोहल्ल्याचा राग होता असं नाही. त्याचे कपडे तिथं शिवले जात, दाढी तिथं व्हायची, आणि भडकला की शिव्याही तो तिथल्याच बोलीत द्यायचा. शहराचं नवं नाव तो भाषणात छाती फुगवून घ्यायचा, पण एसटी स्टँडवर तिकीट काढताना त्याच्या तोंडी जुनंच यायचं. मला त्याची चीड यायची ती याचीच. द्वेष करायचा तर तो निदान स्वतःचा तरी असावा. यानं तोही दुसऱ्याकडून आणला होता आणि वॉर्डभर वाटत सुटला होता.

वडील जमीन मोजणीच्या कचेरीत कारकून होते आणि नुकतेच रिटायर झाले होते. त्यांचं शिक्षण निजामाच्या अमलात, कन्नड या तालुक्याच्या गावी उर्दू शाळेत झालं, कारण सरकारी शाळा म्हणजे तीच. पुढं पोलीस अ‍ॅक्शन झाली, कारभार बदलला आणि साहेबांनी सांगितलं की आता सगळं मराठीत लिहायचं. मराठी घरात बोलायचेच, पण लिहायची वेळ कधी आली नव्हती. मिशा फुटलेल्या वयात त्यांनी पाटी घेऊन बाळबोध अक्षरं गिरवली आणि नोकरी टिकवली. त्यांचं मराठी अक्षर मी पाहिलं आहे. पहिलीतल्या पोराला शिक्षा म्हणून लिहायला बसवावं तसं ते दिसायचं. उर्दूत मात्र हात सरसर चालायचा. बाजाराची यादी, कॅलेंडरवर दुधाचे खाडे, सगळं उर्दूत. आईला कोणतंच अक्षर येत नव्हतं, त्यामुळं तिची तक्रार नव्हती.

कागद कुठलाही असो, वर आधी राम. लोक श्री लिहितात तसं. पण तेही उर्दूत: रे, अलिफ, मीम. लहानपणी त्यांनी मला दाखवलं होतं, की ही तीन अक्षरं एकमेकांना चिकटत नाहीत, आपापल्या जागी सुटी उभी राहतात, तरी राम होतो. त्यांना याची मोठी मौज वाटायची. त्यांची भक्ती एवढीच. सकाळी अंघोळ झाली की रामाच्या देवळात जाऊन यायचं आणि त्याबद्दल कुणाशी बोलायचं नाही.

निवडणूक जवळ आली तशी दोन्ही पात्यांनी विटा गोळा करायला सुरुवात केली. रामाच्या देवळासाठी घरोघरची एक वीट, तिच्यावर रामाचं नाव, पूजा आणि मग सजवलेल्या ट्रकमधून मिरवणूक. मामा आला, पाया पडला आणि म्हणाला, "दाजी, वॉर्डातली पहिली वीट तुमच्या घरची. लई मोठा मान हाय." वडिलांनी राजकारण कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं. पण त्या दिवशी त्यांचा चेहरा असा उजळला की मी मामासाठी चहा टाकायला उठले. रामाच्या देवळाला आपली एक वीट लागणार एवढंच त्यांनी ऐकलं होतं. भोंगा, ट्रक, वॉर्ड हे बाकीचं त्यांच्या कानापर्यंत पोचलंच नाही.

दौलताबादच्या वाटेवर विटांच्या भट्ट्या होत्या. तिथं जाऊन, एकेक वीट वाजवून पाहत त्यांनी एक निवडली. सायकलच्या कॅरिअरवर रामाची वीट बांधणं त्यांना बरं वाटेना, म्हणून त्याच वाटेनं विटा घेऊन येणाऱ्या एका हातगाडीवाल्याकडं त्यांनी ती दिली. हा म्हातारा आमच्या मागच्या मोहल्ल्यातला, वडिलांच्या रोजच्या सलामातला. त्यानं ती डोक्याच्या फडक्यात गुंडाळून बाकीच्या विटांपासून वेगळी ठेवली आणि आमच्या पायरीवर आणून दिली. वडिलांनी ती धुतली, वाळवली आणि तेलात खललेल्या शेंदरानं तिच्यावर नाव लिहिलं. मी चहा घेऊन गेले तेव्हा लिहून झालं होतं. रे, अलिफ, मीम. इतकं देखणं अक्षर त्यांनी आधी कधी काढलं नसेल.

मी म्हणाले, दादा, बाळबोधीत लिहा ना. त्यांना माझं म्हणणं खरोखरच समजलं नाही. लोक काय म्हणतील, ट्रकवरचे काय म्हणतील, असं मी फोडून सांगितलं तरी ते माझ्याकडं बघतच राहिले.

"बाळबोध मी गिरवतो, बाई," ते म्हणाले. "लिहितो ते हे. रामाला गिरवलेलं देऊ काय?"

मी भाषा शिकवणारी बाई, चहा तिथं ठेवून आत गेले. त्यांनी वीट लाल फडक्यात बांधून देव्हाऱ्याशेजारी ठेवली.

मिरवणूक आमच्या गल्लीत आली ती भर दुपारी. धाकट्या पातीनं बाहेरगावाहून मोठा वक्ता आणला होता. थोरल्या पातीचे लोकही ट्रकवर होते, आणि फोटोत आपण पुढं दिसावं म्हणून दोन्हीकडचे एकमेकांना कोपरं मारत होते. वडील धुतलेलं धोतर नेसून, डोक्यावर टोपी घालून पायरीवर उभे होते. मामानं त्यांच्या हातून वीट घेतली, डोक्यावर ठेवून फोटो काढून घेतला आणि ती वक्त्याच्या हाती दिली. वक्त्यानं फडकं सोडलं, वीट लोकांसमोर उंच धरली आणि मग स्वतः पाहिली. आपण खालची बाजू वर धरली असं वाटून त्यानं ती उलटी फिरवली. उलटी करूनही वाचता येईना, तेव्हा त्याचं तोंड पडलं.

पुढं आमच्या गल्लीतले म्हातारे उभे होते. सगळे वडिलांच्या वयाचे, सगळे उर्दू शाळेतले. वीट वर गेली तशी त्यांनी ती वाचली होती आणि सवयीनं हात जोडले होते. ज्यांना ती वाचता आली नाही ते सगळे ट्रकवर होते.

"हा कोणाचा खोडसाळपणा आहे?" वक्त्यानं माईकवरच विचारलं.

मामाला अक्षर कुणाचं हे पक्कं ठाऊक होतं. त्याला पाढे आमच्या घरात वडिलांनीच शिकवले होते, तेही उर्दूतून, कारण त्यांना दुसरे येत नव्हते. त्यानं एकदा पायरीकडं पाहिलं, एकदा वक्त्याकडं पाहिलं आणि माईक आपल्या तोंडाशी ओढला.

"वीट बदलली," तो म्हणाला. "कुणीतरी आमची वीट बदलली."

वडील पायरीवरून काहीतरी म्हणाले. ते घोषणांत बुडून गेलं. ट्रक पुढं सरकला, लाल फडकं रस्त्यात पडलं ते मी उचलून आणलं, आणि वीट कुठं गेली ते कुणी पाहिलं नाही. वडील घरात येऊन बसले. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते आईला पुन्हा पुन्हा एकच विचारत होते, की अक्षर चुकलं का काय माझं.

संध्याकाळपर्यंत गोष्ट वॉर्डभर झाली होती. वीट कुणाच्या गाडीवरून आली? मागच्या मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्याच्या. मग बदलली कुणी? एवढा सोपा हिशेब. थोरल्या पातीनं निषेधाचा फलक लावला, म्हणून धाकट्या पातीनं बंद पुकारला. मामा मागच्या दारानं आमच्याकडं आला. मतदान होईपर्यंत गप बसा, मग मी सगळं निस्तरतो, अशा त्यानं वडिलांना विनवण्या केल्या. आईही म्हणाली, की भावाच्या नशिबात पहिल्यांदा काहीतरी मोठं येतंय, थोडं सांभाळून घ्या. वडिलांनी दोघांचं ऐकून घेतलं.

"माझी वीट कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

मामा म्हणाला, हाय की, हाफिसात ठेवलीय. असं म्हणताना तो आईकडं बघत होता.

दुसऱ्या दिवशी कळलं, की हातगाडीवाल्याला चौकीवर नेऊन बसवलंय आणि त्याच्या गाडीची दोन्ही चाकं कुणीतरी फोडली आहेत. वडिलांनी टोपी घातली. आई दारात आडवी उभी राहिली. तीच बाजूला होईपर्यंत ते थांबले. मी त्यांच्याबरोबर गेले.

चौकीतला जमादार रिटायर व्हायला आलेला, मराठवाड्याचाच माणूस. म्हातारा हातगाडीवाला भिंतीला टेकून खाली बसला होता. वडिलांनी सांगितलं, वीट माझी, अक्षर माझं, याला सोडा. मान हलवून जमादार कंटाळलेल्या आवाजात म्हणाला, की तुमचा मेव्हणा तर वेगळंच लिहून देऊन गेलाय. तेव्हा वडिलांनी टेबलावरचा खडू उचलला, धोतर सावरून खाली वाकले आणि चौकीच्या फरशीवर लिहिलं. उजवीकडून डावीकडं, तीन अक्षरं. जमादार खुर्चीतून उठून बघायला आला. आता तो टेबलाखालून ती वीटही काढतो की काय असं मला वाटलं, पण वीट तिथं नव्हती.

"रामच हाय की हे," जमादार म्हणाला. मग हातगाडीवाल्याकडं बघून म्हणाला, "जाव चाचा, घरकू जाव."

म्हाताऱ्याला उठताना वडिलांनी हात दिला. बाहेर आल्यावर म्हाताऱ्यानं ना राग दाखवला ना आभार मानले. मोडकी गाडी तशीच टाकून तो दुसऱ्याच दिवशी लेकीकडं निघून गेला आणि आमच्या गल्लीतून पुन्हा कधी गेला नाही. जमादारानं फरशी मात्र पुसून घेतली नाही. आम्ही निघालो तेव्हा आत येणारे शिपाई त्या अक्षरांना वळसा घालून जात होते.

आता खरं बाहेर आलं असं मला वाटलं होतं. मी तरुण होते आणि मूर्ख होते. त्याच संध्याकाळी चौकात मामाची शेवटची सभा झाली. भोंगा आमच्या गच्चीकडं तोंड करून बांधलेला, त्यामुळं घरात बसूनही सुटका नव्हती. मामा म्हणाला की माझ्या भोळ्या दाजींना धमकावून चौकीवर नेलं आणि त्यांच्याकडून खोटं वदवून घेतलं. मग त्याचा आवाज चढला. "माझ्या दाजींना उर्दूचं एक अक्षर येत नाही. आईची कसम." जाहीर, खबरदार, इमान, कसम असे शब्द त्या भाषणात पोत्यानं होते, आणि ते कुठून आले याचा त्याला पत्ता नव्हता. माझी आजी, जिची कसम घेतली ती, देवगावात जिवंत होती.

मामापेक्षाही मला त्या सभेतल्या म्हाताऱ्यांचा संताप आला, आणि तो अजून गेलेला नाही. वडिलांच्या शाळेतले, एकाच मौलवीची छडी खाल्लेले, वीट वाचून हात जोडणारे तेच ते लोक. सगळे मूग गिळून बसले आणि टाळ्या वाजल्या तेव्हा त्यांनीही वाजवल्या. सकाळी तेच वडिलांना देवळात रामराम घालत होते.

मामा निवडून आला. गुलालानं माखून तो पाया पडायला आला तेव्हा वडील घरी नव्हते, आईनं पुरण वाढलं. वडील रोज संध्याकाळी धाकट्या पातीच्या हाफिसात जायचे. तिथल्या पोरांना विचारायचे, माझी वीट कुठं हाय? पोरं आधी उठून उभी राहायची, नंतर बसूनच नाही म्हणायची, आणि शेवटी तर ते दिसले की आपापसात हसायची. विटांचा ट्रक कधीच निघून गेला होता. वडिलांची वीट त्यात गेली नव्हती एवढं नक्की. त्यांना तेवढंच लागून राहिलं होतं. देवळाजवळून जाताना ते बाहेरूनच हात जोडायला लागले, आणि मी कारण विचारलं तर म्हणाले, "बोलावणं आलं आणि माझी वस्तू पोचली नाय. तोंड कसं दाखवू?"

मग युतीचं गणित फसलं. दोन्ही पात्या मिळूनही महापौर करायला माणसं कमी पडली. मागच्या मोहल्ल्यातून आणि तशाच इतर वस्त्यांतून निवडून आलेल्यांचा वेगळा गट झाला होता, आणि महापौर कोणाचा हे आता तो गट ठरवणार होता. थोरल्या पातीनं त्यांच्याशी गुपचूप बोलणी लावली. धाकट्या पातीनं त्याला गद्दारी म्हटलं आणि स्वतः उघडपणे बोलणी लावली. ज्यांच्याबद्दल निवडणुकीत सर्वांत तिखट बोलला तो मामाच बोलणी करायला गेला, कारण त्यांची बोली त्यालाच नीट येत होती. बोलणी जमली आणि वर्तमानपत्रात आलं, की शहराच्या पाण्यासाठी हा स्थानिक पातळीवरचा निर्णय आहे. पाणी नळाला पूर्वी जसं येत नव्हतं तसंच पुढंही आलं नाही.

त्या गटाच्या पुढाऱ्याचा सत्कार ठरला आणि मामा आमच्याकडं आला. सकाळची वेळ. बाजाराला जायचं म्हणून वडील ओसरीवर कागद-पेन्सिल घेऊन बसले होते आणि आई काय काय संपलंय ते आठवत होती. मामा पाया पडला. सोबत त्यानं पेढे आणले होते.

"दाजी, ते खैरमकदम का कायसं म्हणतात ना, स्वागताचं," तो म्हणाला, "तेवढ्या दोन ओळी उर्दूत लिहून द्या. कापडावर रंगवून घेतो. तुमच्यासारखा हात अख्ख्या शहरात नाय."

वडिलांनी त्याच्याकडं पाहिलं.

"वीट आणलीस?"

मामा पेढ्यांचा पुडा पुढं सरकवत म्हणाला की तेव्हाची गोष्ट वेगळी होती, पोरांनी गडबडीत नाल्यात टाकली, त्यांना काय कळतंय. मी तुम्हाला शंभर विटा आणून देतो.

आईनं तोंडाला पदर लावला होता. वीट नाल्यात गेली हे तिला आत्ता कळत होतं. हाफिसात हाय, हे तिनं इतके दिवस खरं धरलं होतं, कारण ते भाऊ म्हणाला होता.

"मला उर्दू येत नाय," वडील म्हणाले. "तू कसम खाऊन सांगितलंस ना चौकात. आता आईची कसम खोटी कशाला पाडायची?"

मामा हसायला गेला, पण वडील हसत नव्हते. त्यांनी कागद मांडीवर ओढला आणि त्याच्या डोळ्यांदेखत उजव्या कोपऱ्यापासून लिहायला सुरुवात केली. वर राम. खाली आईनं आधी सांगितलेलं तेल, मीठ, चहा, एकाखाली एक, सरसर. पेन्सिल शेवटी थांबली.

"हरभऱ्याची डाळ लिहू का?" त्यांनी आईला विचारलं.

आईनं भावाकडं पाहिलं. त्याचं नवं उपरणं, पेढ्यांचा पुडा, सगळं पाहिलं.

"नको," ती म्हणाली.